परक्या घरचा लळा

१८७२ साली चीनमधून ३० मुले शिक्षणासाठी अमेरिकेस निघाली. येल विद्यापीठाचे पदवीधर युंग विंग यांची ही योजना होती. १८७५ पर्यंत अशी एकूण १२० मुले गेली. कनेक्टिकट व मॅसॅच्युसेट्स राज्यांतील कुटुंबांनी त्यांना घरच्यासारखे सांभाळले. मुले इंग्रजी शिकली, बेसबॉलही खेळू लागली.

मुले आपल्या चालीरीती विसरतील, ही भीती चीनच्या दरबाराला वाटली. १८८१ मध्ये सर्वांना परत बोलावले गेले; बहुतेकांचे शिक्षण अर्धवट राहिले. तरी विद्या वाया गेली नाही. त्यांच्यातल्याच झान तियानयू यांनी बीजिंग ते झांगजियाको रेल्वे परदेशी अभियंत्यांवाचून बांधली. ती १९०९ मध्ये सुरू झाली.

मुलांना समुद्रापार शिकायला धाडताना हीच भीती आमच्याही घरांत असते. मुलांना जरूर धाडावे, पत्रे मात्र मराठीत लिहावीत, असे आम्हांस वाटते.