पुन्हा ट्युबा वाजवताय? आधी श्वास, मग वाद्य

पोलीस बँड, सैन्याचा बँड किंवा लग्नसराईतील बँडपथक यांत उमेदीची वर्षे घालवलेल्या अनेकांना निवृत्तीनंतर पुन्हा वाद्य हाती घ्यावेसे वाटते. मुले मार्गी लागलेली असतात, हाताशी वेळ असतो. ही इच्छा चांगलीच आहे. मात्र ट्युबासारखे अवजड पितळी वाद्य निवडताना, पूर्वी आपण काय वाजवीत होतो यापेक्षा आज आपली छाती, पाठ आणि दात काय सांगतात, हे पाहणे अगत्याचे आहे.

श्वासाचा हिशेब

तिशीनंतर निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या माणसातही पहिल्या एका सेकंदात जोराने सोडता येणारी हवा दरवर्षी सुमारे २५ ते ३० मिलिलिटरने कमी होत जाते. म्हणजे पंचवीस वर्षांत अर्ध्या लिटरहून जास्त घट होते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ती याहून अधिक असते. ट्रम्पेटला हवा कमी पण दाब जास्त लागतो. ट्युबाचे उलट आहे. दाब कमी, पण हवा भरपूर. म्हणूनच खर्जातले लांब सूर लागोपाठ धरले की डोके हलके होते, चक्कर येते. जोरजोरात श्वास घेतल्यासोडल्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याचा हा परिणाम. अशा वेळी ताबडतोब थांबावे.

कोणता ट्युबा घ्यावा?

१८३५ साली बर्लिनमध्ये बँडमास्तर विप्रेश्ट व कारागीर मॉरिट्झ यांनी ट्युबाचे पेटंट घेतले. पुढे त्याचे लहानमोठे प्रकार निघाले. बँडमधील मोठ्या बी-फ्लॅट ट्युबाची नळी सरळ केली तर साधारण १८ फूट भरते, ई-फ्लॅटची सुमारे १३ फूट. बऱ्याच वर्षांनी परतणाऱ्यास ई-फ्लॅट सोयीचा. तो हलका असतो आणि हवाही कमी मागतो. खांद्यावर घालून चालायचा पितळी सूसाफोन पाठदुखी किंवा मानेचा त्रास असणाऱ्यांनी टाळावा. फायबरचा त्या मानाने हलका असतो.

वाद्य लगेच विकत घेऊ नये. ओळखीच्या पथकातून महिनाभर मागून आणावे. खुर्चीवर ताठ बसावे. माऊथपीस आपल्या ओठांपाशी आले पाहिजे, मान वाकवून आपण त्याच्यापाशी जाता कामा नये. उंची जुळत नसेल तर स्टँड वापरावा, वजन मांडीवर किंवा पोटावर पेलू नये. पिस्टन अडखळत असतील तर त्यांना तेल घालून पाहावे, सांधे गळत असतील तर कारागिरास दाखवावेत.

जुने वाद्य आधी धुवावे

माळ्यावर पडून राहिलेल्या वाद्याच्या नळीत ओल, बुरशी व जंतू साठतात. वाजवणारा श्वास आत ओढतो तेव्हा ते फुप्फुसात जातात. २०१० साली एका ट्रॉम्बोनवादकाच्या अनेक वर्षांच्या खोकल्याचे मूळ त्याच्या वाद्यातच सापडल्याची हकिगत अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात आली होती. कोमट पाणी, सौम्य साबण व लवचिक ब्रश पुरेसा होतो. उकळते पाणी वापरू नये. वाजवून झाल्यावर आतले पाणी काढून टाकावे. माऊथपीस एकमेकांचे वापरू नये.

आधी डॉक्टरांना कोणी विचारावे?

दमा, जुनाट खोकला किंवा चालताना धाप लागत असेल तर फुंकून करावयाची स्पायरोमेट्री ही साधी तपासणी करून घ्यावी. हर्निया असलेल्यांनी, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी किंवा नुकतीच पोटाची वा डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी परस्पर सुरुवात करू नये. जोराने फुंकताना डोळ्यातील दाब वाढू शकतो, म्हणून काचबिंदूच्या रुग्णांनी नेत्रतज्ज्ञांना ‘मी फुंकवाद्य वाजवतो’ असे आवर्जून सांगावे. दात पडले असतील तर कवळी घट्ट बसते की नाही, हे दंतवैद्याकडून पाहून घ्यावे. सैल कवळीने सूर तर बिघडतोच, हिरड्याही सोलवटतात.

सुरुवात दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटांनी करावी. ओठांचे स्नायू थकले की सूर फाटतो, तेव्हा वाद्य खाली ठेवावे. छातीत दुखले किंवा दम लागून राहिला तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

श्वास कमी म्हणून निराश होण्याचे मात्र कारण नाही. शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रात १९४४ ते १९८८ पर्यंत ट्युबा वाजवणारे अर्नोल्ड जेकब्स यांना दमा होता. तरीही हाती असलेली हवा कशी वापरावी, हे त्यांनी इतर वादकांना शिकवले. अर्थात, ट्युबा हे दम्यावरचे औषध नव्हे. दम्याची औषधे चालूच ठेवावीत. तेव्हा पंचविशीतल्या छातीची आठवण काढून मोठे वाद्य घेण्याऐवजी, साठीतल्या छातीला झेपेल असे लहान वाद्य घ्या आणि ते रोज वाजवा.