साडेपाचची एसटी

पहाटे 5.30
चहा घेता घेता आजची फाईल उघडते. वाटपाचा दावा. माझ्या पक्षकार आक्का साठीला टेकल्या आहेत. लग्न 1988 सालचं. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्माने हिस्सा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या लेकी वगळल्या. 2005 सालच्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. मग वडील त्याआधीच वारले असतील तर काय, यावर वर्षानुवर्षं भांडणं चालली. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की हक्क जन्माने येतो, 2005 साली वडील हयात असायची गरज नाही. आक्कांचे वडील 1998 साली गेले. भावाच्या कैफियतीत बचाव आहे, 1996 सालीच तोंडी वाटप झालं. मी फेरफाराची नक्कल पुन्हा वाचते आणि एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारते.

सकाळी 8.30
ऑफिस. सांगली जिल्ह्यातल्या या तालुक्याच्या गावी मी 27 वर्षं वकिली करते. दोन वर्षांपासून वकील संघाची अध्यक्ष आहे. माझ्या डायरीत प्रत्येक प्रकरणापुढे दोन नोंदी असतात: काम काय, आणि पक्षकाराची परतीची गाडी कितीची. ही सवय माझ्या सीनिअरांनी लावली. आक्कांच्या नावापुढे 5.30 लिहिलंय. त्यांच्या वाडीला जाणारी शेवटची एसटी.

नवी ज्युनिअर नकला निशाणीच्या क्रमाने लावते. तिची सनद याच वर्षीची. ज्युनिअरला एक तारखेला पैसे द्यायचेच, हा ठराव संघात मांडण्याआधी मी सहा महिने स्वतः पाळला. हुशार मुली दोन-तीन वर्षांत कोर्ट सोडून जाताना मी पाहिल्या आहेत. काम आवडत होतं त्यांना. घरी दाखवायला कमाई नव्हती.

सकाळी 10.45
कोर्टाच्या आवारात लिंबाखाली पक्षकार बसलेत. इथले बाक आणि पाण्याची टाकी गेल्या वर्षी संघाने केली. आक्का नऊपासून आल्यात, मांडीवर भाकरीचं गाठोडं.
"वकीलबाई, आज तरी हुईल न्हवं?"
"आज करायचंच, आक्का."

सकाळी 11.20
पुकारा होतो. समोरचे वकील माझ्यापेक्षा ज्येष्ठ, संघाचे जुने सभासद. हळूच म्हणतात, "मॅडम, मुदत अर्ज देतोय, नाहरकत लिहा. आपल्या-आपल्यांत कशाला ताणायचं?"

अध्यक्षाची खरी परीक्षा मला इथे वाटते. मला मतं या सहकाऱ्यांनी दिली. आक्कांना संघात मत नाही. सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त मुदती देऊ नयेत, असं दिवाणी प्रक्रिया संहिताच सांगते. सरतपासाचं प्रतिज्ञापत्र येऊन आठ महिने झाले, तीन मुदती संपल्या. मी म्हणते, "सर, नाहरकत नाही लिहिता येणार. तुमची सकाळची कामं उरका, आपण दुपारी तीनला घेऊ." ते क्षणभर गप्प राहतात, मग मान हलवतात. साहेब रोजनाम्यावर तशी नोंद घेतात.

दुपारी 2.00
बाररूम. डबे उघडायच्या आतच आवाज चढलेत. एका तरुण वकिलाशी पोलीस ठाण्यात अरेरावी झाली. "उद्यापासून काम बंद!" अशी मागणी आहे.

राग खरा आहे, आणि त्या मुलाच्या मागे संघाने उभं राहायलाच हवं. पण 17 डिसेंबर 2002 रोजी हरीश उप्पल प्रकरणात सुप्रीम कोर्टाने वकिलांना संपाचा अधिकार नाही असं सांगितलं. निषेधासाठी निवेदनं, फलक, दंडाला फीत असे मार्गही दाखवले. त्यापुढे मी माझी गोष्ट सांगते. कोल्हापूरला हायकोर्टाचं खंडपीठ व्हावं म्हणून आम्ही कामापासून दूर राहिलो, तेव्हा मीही त्यात होते. मागणी रास्त होती. पण एक म्हातारे पक्षकार आवारातून तसेच परत गेले. पुढच्या तारखेला त्यांचा मुलगा वारस म्हणून नाव लावायला आला. ती तारीख मी अजून विसरलेले नाही.

खोली शांत होते. ठराव होतो: आजच प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना आणि पोलीस अधीक्षकांना निवेदन, उद्या सगळ्यांच्या दंडाला फीत, आणि बोर्ड नेहमीप्रमाणे. निवेदनाचा मसुदा मी डबा खाता खाताच सांगते.

दुपारी 3.05
उलटतपास. आक्कांचे भाऊ पिंजऱ्यात. मी आवाज चढवत नाही.
"वडील वारले तेव्हा सगळी जमीन त्यांच्याच नावावर होती?"
"होय."
"वारसनोंदीच्या वर्दीवरची सही तुमची?"
"माझीच."
"त्यात बहिणीचं नाव तुम्हीच सांगितलंत?"
ते आक्कांकडे बघतात. "होय."
"दोन वर्षांपूर्वी वाटप झालंय, असं तलाठ्याला सांगितलं नाहीत?"
"नाही."
टंकलेखक शेवटचा शब्द उमटवतो. पहाटेची पेन्सिलीची रेघ हीच होती. केवळ तोंडी वाटपाच्या बचावावर कोर्ट सहसा विसंबत नाही, सरकारी कागदाचा भक्कम आधार मागतं; इथे कागद उलट बोलतोय.

दुपारी 4.40
विधी सेवा समितीत एक बाई मूल कडेवर घेऊन उभी. पोटगी मागायची आहे, फीला पैसे नाहीत. 1987 च्या कायद्याने स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. अर्ज भरून घेते.

सायंकाळी 5.15
आक्का स्टँडकडे निघतात. युक्तिवादासाठी तीन आठवड्यांनंतरची तारीख पडली आहे. "भाऊ माझ्याकडं बघून खरं बोलला," एवढंच म्हणतात. हिश्श्याबद्दल काही विचारत नाहीत.

रात्री 8.30
उद्या एक अपील कोल्हापूरला पाठवायचं आहे. पूर्वी मिरजेहून रात्रीची महालक्ष्मी धरून मुंबई गाठायची, बोर्डावर नंबर लागला नाही की परत फिरायचं. पक्षकाराचा प्रवासावरचा खर्च कधी कधी फीपेक्षा जास्त व्हायचा. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं हायकोर्टाचं काम कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे चालतं. पहिल्या आठवड्यात एका पक्षकाराला घेऊन गेले, तेव्हा तो संध्याकाळी गुरांना वैरण घालायला घरी होता. चार दशकांच्या लढ्याने काय मिळवलं, हे मला त्या दिवशी पुरतं कळलं.

फोन वाजतो. आक्कांचा नातू. "आजी पोचली, वकीलबाई."
मी डायरी पुढे ओढते. उद्याची पहिली नोंद: मनाई अर्जावर युक्तिवाद. पुढे गाडीची वेळ लिहिते, 4.15. म्हणजे जेवणाच्या सुट्टीआधी संपवायला हवं.