आमच्या घरचा बिनतारी पहारेकरी

यंदाच्या स्मरणिकेसाठी धान्यबाजाराविषयी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह होता. परंतु बाजाराविषयी दरसाल कोणी ना कोणी लिहीतच असतो. गेल्या वर्षी बेळगावच्या आमच्या राहत्या घरी एक नवी वस्तू आली. तिने मजसारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मनुष्यास पुष्कळ शिकविले आणि एके दिवशी मान खाली घालावयासही लावले. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी ती आली असेल किंवा लवकरच येईल, म्हणून तिच्याविषयीच चार शब्द लिहितो.

ही वस्तू म्हणजे कीपॅड. तळहाताएवढी पट्टी, तीवर शून्य ते नऊ अंकांची बटणे, आत सेल. तार कोठेही नाही. घरात हब नावाची एक लहान पेटी असते. दारांना चुंबकाचे सेन्सर लावलेले असतात. दार उघडले की चुंबक सेन्सरपासून दूर जातो, ती वर्दी रेडिओलहरींवरून हबकडे पोहोचते आणि पहारा चालू असेल तर भोंगा वाजतो. तो पहारा चालू किंवा बंद करावयाचा तो या कीपॅडवर आपला अंक दाबून.

गुप्त अंक ही आपणा व्यापाऱ्यांस काही नवलाची गोष्ट नव्हे. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची रीत आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. भोवती पन्नास माणसे उभी असत, पण आकडा दोघांनाच ठाऊक. कुलपाचेही तसेच. अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला, तेव्हापासून आपल्याकडील पेढ्यांचा भरवसा चांगल्या कुलपावर व ते लावणाऱ्या माणसावर राहिला. आमच्या घरी किल्ल्यांचा जुडगा आधी वडिलांच्या व त्यांच्यामागे माझ्या कमरेला असे. मागच्या दाराची एक किल्ली मात्र तात्यांकडे. तात्या आमच्या दुकानी हमाल म्हणून लागले, पुढे घरचेच झाले. पहाटे पाचला मागील दार उघडून बंब पेटवावयाचा, हा त्यांचा तीस वर्षांहून अधिक काळचा नेम.

पहिला कीपॅड पुतण्याने अमेरिकेहून आणला. मुलाने येथे घेतलेल्या हबशी तो काही केल्या जुळेना. दोन रविवार त्यात गेले. शेवटी उलगडा झाला तो असा, की झेड-वेव्ह नावाच्या या पद्धतीची उपकरणे अमेरिकेत ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, तर भारतात या कामासाठी ८६५ ते ८६८ हा पट्टा मोकळा ठेवलेला आहे. एकाने निपाणीस बोलावे आणि दुसऱ्याने कोल्हापुरास कान लावून बसावे, तसा हा प्रकार. ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी अशी भेट स्वीकारण्यापूर्वी हा आकडा अवश्य पाहावा.

येथील कीपॅड आणल्यावर तो हबशेजारी ठेवून जुळविला तेव्हा मिनिटभरात जुळला. मागील दाराशी नेला की मुका. आमच्या जुन्या घराच्या भिंती दोन फुटी, दगडमातीच्या. यावर उपाय सोपा निघाला. या पद्धतीत विजेवर चालणारे प्रत्येक उपकरण शेजाऱ्याचा निरोप पुढे पोहोचविते. सेलवर चालणारे मात्र सेल वाचविण्यासाठी बहुतेक वेळ झोपलेले असते, ते हे काम करीत नाही. म्हणून माजघरात विजेचा एक प्लग मध्यस्थ म्हणून लावला आणि निरोप जाऊ लागला. आणखी एक सूचना आपल्या भागासाठी. बेळगावच्या पावसात सागवानी दारही फुगते. उन्हाळ्यात बरोबर बसविलेला चुंबक आषाढात जागचा हलला आणि दार लावलेले असूनही ‘उघडे आहे’ अशी तक्रार हब करू लागले. सेन्सरची जागा पावसाळ्यातच ठरवावी, हे बरे.

मग अंक ठरवावयाचे. चार अंकांच्या एकंदर दहा हजार जोडण्या होतात. त्यांतून जन्मसाल आणि एक-दोन-तीन-चार वगळावे. चारच अंक का, याची एक गमतीची हकिकत आहे. लंडनजवळ एन्फिल्ड येथे १९६७ साली बार्क्लेज बँकेचे पैसे देणारे यंत्र सुरू झाले. ते तयार करणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्याच देशात, शिलाँगला झालेला. त्यांना सहा अंक हवे होते. पण पत्नीने सांगितले की माझ्या लक्षात चारच राहतात, आणि चार ठरले, असे ते स्वतः सांगत. आमच्या मातोश्रींचे वय अठ्ठ्याऐंशी. पावकी-निमकी त्यांस अजून मुखोद्गत आहे. त्यांनी कोणा एका पाढ्यातून आपला अंक काढला आणि कोणास सांगितला नाही. सूनबाईंचा निराळा, नातवाचा निराळा. प्रत्येकास स्वतंत्र अंक हीच या वस्तूची खरी सोय. एकाचा बंद केला तरी इतरांचे अडत नाही.

तात्यांना अंक दिला नाही. मुलगा म्हणाला, “आप्पा, बाहेरच्या माणसाला लगेच कशाला? पुढं बघू.” मी ‘बरं’ म्हणालो. बाहेरचा माणूस या शब्दाला त्याच क्षणी हरकत घ्यावयास हवी होती. ती मी घेतली नाही.

त्याच रात्री प्रथम पहारा लावला. दिवसा बाहेरून आल्यावर अंक दाबण्यास अर्धा मिनिट सवड मिळते. रात्रीच्या पहाऱ्यात आम्ही ती ठेवली नव्हती. पहाटे पाचला तात्यांनी नेहमीप्रमाणे किल्लीने मागील दार उघडले आणि भोंगा सुरू झाला. तो आवाज ज्यांनी ऐकला आहे त्यांस निराळे सांगावयास नको. गल्लीतील दिवे लागले, दोघे-तिघे शेजारी काठ्या घेऊन धावले. मी खाली पोहोचलो तेव्हा तात्या अंगणात हात वर करून उभे होते, किल्ली हातातच. शेजाऱ्यांनी ओळखले, हसले, परत गेले. तात्या हसले नाहीत. त्यांनी बंब पेटविला, किल्ली देवघराच्या उंबऱ्याशी ठेवली आणि चहा न घेता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मातोश्री मजशी बोलेनात. तेव्हा मी व मुलगा दोघेही त्यांच्या घरी गेलो. चूक यंत्राची नव्हती, ती आमची होती, हे मी त्यांच्या मुलांदेखत बोललो. तात्या म्हणाले, “मालक, चोरी झाली असती तर पहिलं नाव माझंच आलं असतं की.” यावर मजजवळ उत्तर नव्हते. मुलाने वाकून त्यांच्या पायांस हात लावला. संध्याकाळी तात्या आले. कीपॅडवर त्यांनी स्वतःचा अंक स्वतःच्या बोटांनी दाबला. आम्ही दोघे पाठ फिरवून उभे होतो.

असो. आणखी एक बाब सूनबाईंनी उपस्थित केली. कोणाच्या अंकाने पहारा किती वाजता उतरला याची नोंद हब ठेवते व ती मुलाच्या फोनवर दिसते. घरच्या माणसांच्या जाण्यायेण्याची रोजकीर्द कशास हवी, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटले. आता घरचे हे निरोप फोनवर येत नाहीत, भोंगा वाजला तरच येतो. वखारीत मात्र नोंद चालू ठेवली आहे, आणि ती ठेवल्याचे तेथील सर्वांस आधी सांगितले आहे.

राहता राहिली विजेची गोष्ट. वीज गेली की राऊटर बंद पडतो आणि फोनवर वर्दी येत नाही. म्हणून राऊटर व हब या दोहोंस लहान बॅटरी जोडून घ्यावी. कीपॅडचे सेल दिवाळीत बदलावे, म्हणजे विसर पडत नाही. जुने कुलूप काढून टाकू नये. आमच्या मागील दाराचे कुलूप जागीच आहे, किल्ली पुन्हा तात्यांकडे आहे. पहाटे पाचला आधी कुलपाची कळ ऐकू येते, मग बटणांचे चार बारीक आवाज, आणि थोड्या वेळाने बंबाचा धूर.