मैदान मुलींचेही आहे!

बारामतीकरांना लताबाई करे हे नाव नव्याने सांगायला नको. पतीच्या आजारपणाला पैसा हवा, म्हणून साठी ओलांडलेली ही कष्टकरी बाई २०१४ च्या सुमारास बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात उतरली. अंगावर नऊवारी लुगडे, पाय अनवाणी. आणि त्या पहिल्या आल्या! पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला. त्यात त्यांनी स्वतःच काम केले आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला.

लताबाईंचे कौतुक आपण सर्वांनी केले. पण घरातली चौदा वर्षांची मुलगी मैदानावर निघाली की आपल्याच कपाळाला आठी का पडते? 'आता मोठी झालीस, पुरे कर ते धावणे,' असे आपणच म्हणतो. भगिनींनो, हेच शब्द एके काळी साऱ्या जगाने बाईला ऐकवले आहेत.

१९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना प्रथमच धावण्या-उड्यांच्या स्पर्धांत प्रवेश मिळाला. ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत नऊ जणी धावल्या. जर्मनीच्या लीना राडके हिने २ मिनिटे १६.८ सेकंदांचा विश्वविक्रम केला. नऊच्या नऊ जणींनी शर्यत पुरी केली. पण शर्यतीनंतर काही जणी दमून बसल्या, तेवढ्यावरून वर्तमानपत्रांनी ओरड केली की बाईच्या देहाला हे झेपत नाही. दमलेला पुरुष बसला तर तो शूर, बाई बसली तर ती दुबळी! ती शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकली गेली, ती परत आली १९६० साली. स्त्रियांची मॅरेथॉन तर १९८४ पर्यंत नव्हतीच. त्याच वर्षी स्त्रियांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत प्रथम झाली आणि आपल्या पी. टी. उषाचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले.

सर्वांत उशिरा उघडलेल्या दारांपैकी एक म्हणजे स्टीपलचेस. तीन हजार मीटर धावायचे, वाटेत अठ्ठावीस वेळा अडथळा ओलांडायचा आणि सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी घ्यायची. हे अडथळे जड लाकडी असतात. पाय लागला तर ते पडत नाहीत, धावणाराच पडतो. पुरुष ही शर्यत १९२० पासून ऑलिंपिकमध्ये धावत होते. स्त्रियांना ती मिळाली २००८ साली, बीजिंगला.

त्यानंतर आठच वर्षांनी या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत आपल्या शेजारची एक मुलगी उभी होती. नीरा ओलांडली की फलटण, पुढे मोगराळे घाट चढला की दुष्काळी माण तालुका. तिथल्या मोही गावची ललिता बाबर. शाळेत ती खो-खो खेळायची. २०१५ मध्ये तिने आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत ती आठवी आली. २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावा क्रमांक मिळवला. उषानंतर ऑलिंपिकच्या धावपट्टीवर वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. मधे बत्तीस वर्षे गेली होती!

तिचा विक्रम सात वर्षे टिकला. २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पारुल चौधरीने ९ मिनिटे १५.३१ सेकंदांत तो मोडला. पारुल उत्तर प्रदेशातल्या मेरठकडच्या शेतकऱ्याची लेक. एकीने वाट पाडली, दुसरी त्या वाटेने पुढे गेली.

ललिताच्या गावात पाण्याचे दुर्भिक्ष, पारुलच्या घरी शेतीचे कष्ट. आपल्या बारामती-इंदापूरच्या वस्त्यांतल्या मुली काय कमी कष्टाच्या आहेत? उसाच्या फडावर भारे वाहणाऱ्या, हंडा-कळशी घेऊन मैलभर चालणाऱ्या आयांच्या त्या लेकी. त्यांच्या पायांत ताकद आहे. कमी आहे ती आपल्या होकाराची.

आम्हाला एवढेच सांगायचे आहे. शाळेच्या क्रीडा शिक्षकांनी मुलीचे नाव तालुक्याच्या स्पर्धेसाठी मागितले, तर नाही म्हणू नका. भाऊ मैदानावर आणि बहीण चुलीपाशी, ही वाटणी बदला. संध्याकाळचा एक तास तिचा राहू द्या. सगळ्याच मुली ऑलिंपिकला जाणार नाहीत. पण जी धावेल ती ताठ मानेने चालायला शिकेल, आणि ते पदकाहून कमी नाही.