रिंग बसावी, फोम बसू नये

नव्या मोटारसायकलच्या इंजिनात पहिल्या हजार किलोमीटरमध्ये सर्वांत महत्त्वाचे काम होते ते पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर नीट बसण्याचे. ‘रिंग बसली’ असे मेकॅनिक म्हणतो तेव्हा इंजिन कामाला तयार झालेले असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नव्या गाड्यांबरोबर एक जुना सल्लाही पुन्हा कानावर येऊ लागला: हजार किलोमीटर होईपर्यंत गाडी चाळीसच्या वर नेऊ नये. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. पनवेलजवळच्या तळोजा एमआयडीसीत पाळीला जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत त्याचा दुसरा अर्धा भाग नुकसान करतो.

सिलिंडरची आतली भिंत दिसते तितकी गुळगुळीत नसते. कारखान्यात होनिंग करून तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा मुद्दाम उठवलेल्या असतात. खाचांत ऑइल टिकते आणि उंचवटे रिंगेच्या कडेला घासून घेतात. या घासण्यातूनच रिंग आणि भिंत एकमेकींच्या मापाच्या होतात. एका जागी कापलेली, स्वतःच्या ताणाने भिंतीला टेकणारी धातूची रिंग १८५० च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम या इंग्लिश रेल्वे अभियंत्याने वाफेच्या इंजिनांसाठी आणली. पेट्रोल इंजिनात मात्र हा ताण पुरेसा नसतो. खरा जोर पेटलेल्या वायूचा असतो. तो पिस्टनच्या खाचेत शिरतो, रिंगेच्या मागे जातो आणि तिला बाहेरच्या बाजूला, भिंतीवर दाबतो. रेस जास्त, तर दाब जास्त.

म्हणूनच अतिशय जपून, सतत एकाच मंद वेगाने चालवलेल्या गाडीत रिंगेला पुरेसा दाब मिळत नाही. उंचवटे झिजण्याआधीच खाचांतले ऑइल भाजते आणि भिंतीवर टणक, चकचकीत थर धरतो. त्यावरून रिंग नुसती घसरत राहते. गाडी पाच-सहा हजार किलोमीटर झाली की ऑइल कमी होऊ लागते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, आणि मग ब्लॉक खोलून पुन्हा होनिंग करण्यावाचून गत्यंतर नसते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्याच विकल्या जातात. अशा गाडीत जळलेले ऑइल धूर नियंत्रित करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचेही आयुष्य कमी करते, आणि तो भाग स्वस्त नाही.

दुसरे टोकही तितकेच वाईट. पहिल्याच दिवशी पूर्ण रेस दिली तर न झिजलेल्या उंचवट्यांवर उष्णता साठते आणि भिंतीवर ओरखडे पडतात. राजदूत, येझदी, आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्यांच्या काळात पिस्टन पकडण्याची भीती खरी होती. नव्या गाडीच्या पेट्रोलमध्ये ऑइल थोडे जास्त घातले जाई, वेगही जपला जाई. चाळीसचा नियम त्या काळाचा आहे आणि त्या काळी तो शहाणपणाचाच होता. पुढे धातुशास्त्र बदलले. जर्मनीच्या माले कंपनीने १९६७ मध्ये निकासिल हा निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप आणला. असा लेप असलेली भिंत फारच कमी झिजते. होंडाचे मॅन्युअल पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये पूर्ण रेस देऊन गाडी उचलणे, जोराचा ब्रेक आणि घाईने गिअर खाली आणणे टाळायला सांगते. इंजिनाला हवा असतो तो बदल: मध्यम रेस, मग सोडणे, मग पुन्हा रेस.

तळोज्यात हा बदल मिळणे कठीण आहे. पेंधर ते कळंबोलीच्या पट्ट्यात ट्रेलरच्या रांगेमागे पहिल्या गिअरमध्ये, हाफ क्लचवर सरकणारे नवे एअर-कूल्ड इंजिन वाऱ्याविना तापते आणि त्याला भार जवळपास काहीच मिळत नाही. रिंगेसाठी याहून वाईट परिस्थिती नाही. एक्स्प्रेस वेवर आणि अटल सेतूवर दुचाकीला मनाई आहे, आणि या कामासाठी त्यांचा उपयोगही नसता, कारण तिथे वेग एकसारखा राहतो. पनवेलहून शेडुंग, चौक, खालापूर, खोपोली असा जुना मुंबई-पुणे रस्ता मात्र योग्य आहे. रविवारी पहाटे, एकट्याने, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये निम्म्या रेसपर्यंत न्यावे आणि सोडावे. रेस सोडली की सिलिंडरमधली पोकळी खालचे ऑइल वर ओढते आणि भिंत थंड होते. पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये मागे माणूस बसवून बोरघाट चढू नये.

या घासण्यातून सुटलेली धातूची पूड ऑइलमध्ये उतरते. म्हणून ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यानची पहिली सर्व्हिस तारखेला झालीच पाहिजे. ‘गाडी नवीच आहे’ म्हणून ती पुढे ढकलणे ही सर्वांत महाग पडणारी काटकसर आहे. मोटारसायकलमध्ये इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सला सहसा एकच ऑइल असते, म्हणून डब्यावर जासो एमए हा शिक्का पाहावा. कारच्या ऑइलने क्लच घसरू शकतो.

याच सर्व्हिसला टॅपेटही तपासतात. बसायला सीट असते तशी इंजिनाच्या हेडमध्येही एक सीट असते, वॉल्व्ह टेकतो ती. देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागले. त्याआधी शिशाचा पातळ थर या सीटला सांभाळत असे. आता ते काम कठीण मिश्रधातूच्या सीटवर सोपवलेले आहे. वॉल्व्ह सीटमध्ये रुतला की टॅपेटमधली फट कमी होते, टिकटिक थांबते आणि मालकाला इंजिन सुधारल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात वॉल्व्ह पूर्ण मिटत नसतो आणि त्याची कड जळत असते. ५ जुलै २०२४ ला पुण्यात सादर झालेल्या बजाज फ्रीडम १२५ सारख्या सीएनजी गाडीला ही तपासणी अधिक लागू आहे, कारण वायुरूप इंधन या सीटला ओलावा देत नाही.

बसायच्या सीटचे गणित उलटे आहे. पॉलियुरेथेन फोममध्ये असंख्य बारीक कप्पे असतात. नवी सीट पहिल्या काही आठवड्यांत थोडी मऊ होते आणि शरीराचा आकार घेते. त्यामुळे घेतल्या-घेतल्या ‘कडक आहे’ म्हणून फोम कापून घेऊ नये. त्यानंतर मात्र कप्पे मोडत जातात, सीट मधोमध खचते आणि स्वार टाकीकडे घसरू लागतो. अंगठ्याने दाबल्यावर खालची प्लास्टिकची पाटी लागली, तर फोम संपला असे समजावे.

फोमआधी रेक्झिन जाते. कारखान्याबाहेर उघड्यावर आठ तास उन्हात उभ्या गाडीच्या रेक्झिनमधला मऊपणा देणारा घटक उडून जातो आणि ते शिलाईजवळ तडकते. जूनच्या पावसात सुईच्या भोकांतून पाणी आत शिरते. रेक्झिनखालचा ओला फोम कित्येक दिवस सुकत नाही आणि ओला असतानाच वजनाखाली चिरडला जातो. शोरूममध्ये गळ्यात मारले जाणारे जाड कव्हर पाणी अडवत नाही, कोंडून ठेवते; त्यापेक्षा हवा खेळू देणारी जाळी बरी. सिलिकॉनचे पॉलिश सीटला लावूच नये: चकाकी येते, पण ब्रेक लावल्यावर माणूस सरकतो. लहान तडा दिसताच चिकटवून बंद करावा. सीट नव्याने बनवायची झाल्यास खाली घट्ट रिबॉन्ड फोम आणि वर मऊ थर घालून घ्यावा. जुनाच फोम ठेवायचा असेल, तर तो बाहेर काढून सावलीत पूर्ण सुकल्याशिवाय सीटवाल्याला नव्या रेक्झिनची पिन मारू देऊ नये.