डीव्हीडी व व्हिडिओ कॅसेटचे जोडयंत्र : निर्लेखनापूर्वीची तपासणी

निर्लेखनासाठी शाळांकडून येणाऱ्या याद्यांत मोडकी बाके व गंजलेल्या पेट्या यांच्या ओळीत अलीकडे आणखी एक नोंद आढळते : ‘डीव्हीडी-व्हीसीआर यंत्र, नग १, नादुरुस्त, कॅसेटी, नग ६.’ यंत्र नादुरुस्त असेल, हे मान्य. परंतु कॅसेटी कशाने नादुरुस्त झाल्या याचा खुलासा यादीत नसतो. मुंबईकर ग्रामस्थांनी हौसेने दिलेल्या या यंत्रासोबत शाळेच्या महोत्सवाचे, स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण पुष्कळ ठिकाणी पडून आहे. व्हिडिओ कॅसेटची नवी यंत्रे तयार करणाऱ्या अखेरच्या जपानी कारखानदाराने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबविले. यास्तव जुने यंत्र जेथे आहे तेथे ते चालते करणे, आणि ते करताना कॅसेटीस इजा होऊ न देणे, ही दोन्ही कामे आपणांसच करावयाची आहेत. त्यांत दुसरे काम अधिक महत्त्वाचे होय.

हे यंत्र वस्तुतः एका पेटीत बसविलेली दोन यंत्रे आहेत. तबकडी वाचणारा भाग निराळा, फीत ओढणारा भाग निराळा; वीजपुरवठा मात्र दोहोंस समाईक असतो. दोषाचा शोध यावरूनच सुरू करावा. दोन्ही भाग निर्जीव असतील तर दोष वायर, फ्यूज किंवा वीजपुरवठ्याच्या पट्टीत आहे. एक भाग चालतो व दुसरा चालत नाही, तर वीजपुरवठा बहुधा ठीक असून दोष त्या दुसऱ्या भागात आहे. डीव्हीडीचे चित्र दिसते पण कॅसेटचे दिसत नाही, अशी तक्रार असेल तर पेटी उघडण्यापूर्वी मागील जोडणी पाहावी. अनेक जोडयंत्रांत वरच्या दर्जाच्या जोडण्यांतून केवळ डीव्हीडीचे चित्र बाहेर पडते. कॅसेटचे चित्र फक्त पिवळ्या जोडणीतून मिळते. शिवाय पुढील बाजूस डीव्हीडी व व्हीसीआर यांतील निवडीचे बटण असते, ते दाबलेले आहे ना हेही पाहावे. दुरुस्तीस म्हणून तालुक्याला नेलेली यंत्रे एवढ्यानेच ‘बरी’ झालेली मी पाहिली आहेत.

वीजपुरवठ्याच्या पट्टीस शिक्षकांनी हात लावू नये. २३० व्होल्टच्या विजेपासून तेथील मोठ्या कपॅसिटरात सुमारे ३२५ व्होल्टचा दाब साठतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. फुगलेला कपॅसिटर डोळ्यांनी दिसला तरी तो बदलण्याचे काम जाणत्या कारागिराचे. फ्यूज उडाल्यास त्याजागी तार गुंडाळण्याचा आपला जुना परिपाठ येथे कटाक्षाने टाळावा.

आता कॅसेटचा भाग. प्रथम कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे पाहावे. कडेवर पांढरट भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी होय. कोकणातील चार महिन्यांच्या पावसात बंद कपाटातील कॅसेट तिच्यापासून क्वचितच सुटते. अशी कॅसेट यंत्रात घालू नये. बुरशी यंत्राच्या हेडवर बसते व तेथून पुढच्या निर्दोष कॅसेटवर जाते. ती वेगळ्या पिशवीत ठेवावी व अशा फिती स्वच्छ करणाऱ्याकडेच द्यावी. यंत्राची परीक्षा नेहमी गमावली तरी चालेल अशा कॅसेटवर करावी. २०११ च्या पावसाळ्यात एका शाळेत मी स्वतः हा नियम मोडला. फीत आत अडकली, मी घाईने कॅसेट ओढली आणि वीतभर फीत चुरगळली. फितीची गती सेकंदास सुमारे २३ मिलिमीटर असते; म्हणजे वीतभर फितीत दहा सेकंद मावतात. त्या दहा सेकंदांत शाळेचे दिवंगत मुख्याध्यापक व्यासपीठाच्या पायऱ्या चढत होते.

फीत अडकल्यास प्लग काढावा, झाकण उघडावे आणि फीत आत ओढणाऱ्या मोटरची चकती बोटाने हळूहळू उलट फिरवावी. फीत सैल होऊन कॅसेटीत परत जाऊ लागते. कात्री हा अगदी शेवटचा उपाय.

चित्रावर बर्फासारखे ठिपके असून आवाज मात्र स्वच्छ असेल तर हेड मळले आहेत असे समजावे. ते सुमारे ६२ मिलिमीटर व्यासाच्या चकचकीत पिंपावर बसविलेले असतात. आपल्याकडील पाल पद्धतीत ते पिंप मिनिटास १५०० फेरे घेते. प्लग काढल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेले मऊ, धागे न सुटणारे चामडे पिंपावर आडवे, स्थिर धरावे व पिंप वरच्या कडेस धरून हाताने फिरवावे. चामडे वरखाली घासू नये, हेड तुटतात. कापसाची काडीही येथे वापरू नये. तिचे तंतू अडकतात. आडवा पट्टा सरकत असेल तर आधी ट्रॅकिंगचे बटण वापरून पाहावे.

यंत्र सुरू होऊन काही सेकंदांत आपोआप बंद पडते, हा दोष जुन्या यंत्रांत फार आढळतो. बहुधा रबरी बेल्ट वा चाक कडक किंवा सैल होऊन रीळ फिरत नाही, आणि फितीचे रक्षण व्हावे म्हणून यंत्र थांबते. फीत चघळली जाण्याचेही हेच एक मोठे कारण. रबर ओलसर कापडाने पुसून पाहावे. गुण न आला तर बेल्ट बदलावा. एक गंमत सांगतो : झाकण काढलेले यंत्र उन्हात ठेवून तपासल्यास ते विनाकारण थांबते. फितीच्या दोन्ही टोकांस पारदर्शक तुकडा असतो व प्रकाश आरपार आला की फीत संपली असे यंत्र मानते. खिडकीतील उजेडानेही त्याची फसवणूक होते.

डीव्हीडीच्या बाजूचे दोष थोडे. ‘डिस्क नाही’ असे दिसल्यास तबकडी मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, दुसरी तबकडी लावून पाहावी, भिंगावरील धूळ रबरी फुंकणीने उडवावी. चालू यंत्राच्या भिंगात डोकावू नये.

यंत्र चालू झाले की त्याच दिवशी नक्कल करावी. साधे जोडयंत्र कॅसेटवरून तबकडी तयार करीत नाही. त्यासाठी तबकडीवर मुद्रण करणारे यंत्र, अथवा संगणकास जोडावयाचे चित्रग्राहक उपकरण लागते. तीन तासांच्या फितीस तीन तासच लागतात, हे वेळापत्रक आखताना ध्यानात घ्यावे. तत्पूर्वी कॅसेटच्या पाठीवरील छोटी प्लास्टिकची खूण मोडावी, म्हणजे चुकून त्यावर नवे मुद्रण होणार नाही. नकलेची एक प्रत शाळेत व एक केंद्रशाळेत ठेवावी, आणि जडवस्तुसंग्रह नोंदवहीत यंत्राची नोंद एका ओळीत व कॅसेटींची, त्यांतील प्रसंगाच्या नाव-तारखेसह, स्वतंत्र ओळींत करावी.