छळाचा वारसा

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ शाळेंत सवंगड्यांच्या टवाळीनें बेजार झालेले. पुढें कचेरींत वरिष्ठानें आवाज चढविला कीं त्यांची वाचाच बसे. तक्रार करणें सुचतच नसे, आणि दांडग्यांना असेंच सावज हवें असतें. ह्याला आपण भित्रेपणा म्हणून मोकळे होतों. पण १९५८ सालीं ब्रिटनमध्यें एकाच आठवड्यांत जन्मलेल्या मुलांची पाहणी काय सांगते? लहानपणीं वारंवार छळ सोसलेल्यांत नैराश्य पन्नाशींतही अधिक आढळलें. कांहींजण उलट स्वतःच छळूं लागतात. (सासुरवास भोगलेली सून सासू झाल्यावर पुष्कळदां काय करिते, हें आपल्या घरांस सांगावयास नको!) हेच गृहस्थ हेडक्लार्क झाल्यावर एकदां नव्या कारकुनावर खेकसले. त्याची मान खालीं गेलेली पाहिली मात्र, आणि ते चपापले. “ती मान माझीच होती,” ते मला म्हणाले.